तीनदा हो, मग एंटर

१

“सकाळपासून एकशे चाळीस जणांचं हिमोग्लोबिन वाचून दाखवलंय मी फोनवर. घसा पार बसला. माझं कोण तपासणार, कुणास ठाऊक.”

लिफ्टमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली फोन-विभागातली बाई हे कोणाला उद्देशून म्हणत नव्हती. तिच्या काखेत रिपोर्टांचा गठ्ठा होता आणि तोंडात खोकल्याची गोळी. सोमवारचे साडेदहा वाजले होते आणि लिफ्टमधल्या प्रत्येकाचा चेहरा शनिवार दुपारसारखा उतरलेला होता.

आमचं काम सांगायला सोपं आहे. प्रयोगशाळेत रक्त तपासलं जातं, आणि रिपोर्ट आम्ही तीनशे बारा दवाखान्यांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवतो. वाटेत कोणी वाचू नये, कोणी बदलू नये, अशा बंदोबस्तात. दवाखान्याचा कॉम्प्युटर आधी आमच्याकडे सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, मागतो. त्यावर आमच्या मूळ किल्लीची सही असली तरच दार उघडतो. मूळ किल्ली ही हातात धरायची वस्तू नाही, एक छोटीशी फाइल आहे. पण सगळा डोलारा तिच्यावर.

त्या सकाळी किल्ली जागेवरच होती. फक्त ती आमची नव्हती. जुनी पुसून तिच्या जागी, त्याच नावाची, कोणीतरी नवी करून ठेवली होती. दवाखाने उघडले, त्यांनी सही पाहिली, आणि तीनशे बारांपैकी एकानेही आम्हाला ओळख दिली नाही.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. त्या आमच्या वरिष्ठ. उभ्याउभ्याच काम सांगायची त्यांना सवय आहे, म्हणजे समोरच्यालाही बसता येत नाही.

“ताई, तुमच्याशी सगळे बोलतात. हे कोणी केलं ते उद्या पाचपर्यंत मला लेखी द्या.”

“मॅडम, मी मॅन्युअल लिहिते. चोर पकडत नाही.”

“लिहिता येतं ना? तेवढंच पाहिजे.”

टेबलावर दोन बंद पाकिटं होती. दोन्हींवर एकच नाव.

“एकात तिला कायम केल्याचं पत्र आहे,” त्या म्हणाल्या, “दुसऱ्यात उद्यापासून येऊ नका असं. तुमच्या कागदावरून मी एक उचलणार.”

“म्हणजे नाव तुमच्याकडे आहेच.”

“आहे. पण ते मला तुमच्या अक्षरात हवंय.”

२

मूळ किल्लीचं मशीन एका बिनखिडकीच्या खोलीत आहे. सगळे तिला कोठी म्हणतात. त्या मशीनला नेटवर्कची वायर नाही, खोलीत एकच खुर्ची आणि दाराशी नोंदवही. आत जाण्याची मुभा तिघांना, आणि त्या दिवसापुरती मला.

स्क्रीनच्या खालच्या कडेला एक छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर पिवळ्या पडलेल्या टेपचे तीन-चार थर. वीतभर लांब कमांड, आणि खाली: मग तीनदा हो, मग एंटर.

किल्लीच्या फाइलवर वेळ होती शुक्रवार, दुपारी तीन बेचाळीस. कोठीतलं शुक्रवारचं काम बाकीच्या यंत्रणेत सोमवारी सकाळीच चढतं. नोंदवहीत शुक्रवारच्या तीन नोंदी, त्या तिघांच्याच; ऑफिसातल्या टोपणनावांनी सांगते. सकाळी अकरा दहा ते अकरा वीस, गुरुजी. दुपारी साडेतीन ते तीन पंचावन्न, नवी. संध्याकाळी पाच ते पाच पाच, कुलूपराव. आता यात शोधायचं ते काय राहिलं, असं कोणीही म्हणेल. मोठ्या बाई तेच म्हणत होत्या. तरी मी चिठ्ठी नखाने सोडवली आणि पुरावा म्हणून पर्समध्ये टाकली. तपास करायचा तर काहीतरी पर्समध्ये टाकायला हवं.

नवी जिन्याखालच्या बाकावर, बॅग मांडीवर घेऊन बसली होती. तिचं वय बेचाळीस आणि इथे येऊन तिसरं वर्ष, पण तिच्यानंतर त्या विभागात कोणी आलंच नाही, त्यामुळे ती नवीच राहिली. आधीची नऊ वर्षं सासूबाईंच्या आजारपणात गेली. अंथरुणावरच्या माणसाजवळ बसून तिने कॉम्प्युटरचे कोर्स केले होते. कंत्राट दर सहा महिन्यांनी वाढवून घ्यायचं आणि दर सहा महिन्यांनी झोप उडवून घ्यायची, असं चाललं होतं.

“शुक्रवारी काय केलंस?”

“नेहमीचंच, ताई. एका दवाखान्याच्या सर्टिफिकेटची मुदत संपत होती, ते नवं करून दिलं. चिठ्ठीवरचं टाइप केलं, हो म्हटलं, हो म्हटलं, हो म्हटलं, एंटर.”

“प्रश्न वाचलेस?”

“प्रश्न कुठला, ‘पुढे जायचं का?’ दर वेळी तोच. मधल्या तीस-चाळीस ओळी सर्रकन वर निघून जातात. पहिल्या महिन्यात मी विचारलं होतं, हे तिन्ही वेळा नेमकं काय विचारतं म्हणून. सगळे हसले. मग नाही विचारलं.”

“वेगळं असं काही झालं?”

“नाही हो. एकदा जास्त दाबावं लागलं, इतकंच. कीबोर्ड जुना आहे, बटण अडकतं. चौथ्यांदा हो म्हटलं तेव्हा गेलं पुढे.”

ती सहज म्हणाली, मीही सहज लिहून घेतलं.

उठताना तिने माझा हात धरला. “ताई, मीच केलं असेल तर तसं लिहा. मी भांडणार नाही. पण काय केलं, ते तरी मला सांगा.”

३

कुलूपराव आमचे सुरक्षा अधिकारी. आईबापांनी नाव वेगळं ठेवलं असणार, पण ऑफिसात ते कोणाला माहीत नाही. त्यांच्या कमरेला चाव्यांचा जुडगा असतो. त्यातल्या निम्म्या चाव्यांची कुलपं इमारतीतून कधीच गेलीत.

“सरळ केस आहे,” ते म्हणाले. “वेळ बघा, नोंद बघा. मी पहिल्यापासून सांगत होतो, कंत्राटी माणसाला कोठीत सोडू नका.”

“खरंय. पण एक सांगा, दर शुक्रवारी पाच वाजता तुम्ही पेनड्राइव्ह काढून लोखंडी कपाटात ठेवता. त्यात किल्लीची प्रत असते.”

“नियमच आहे तो. माझी सही आहे.”

“मग आधीच्या शुक्रवारची प्रत कपाटात असेल. ती जुनी किल्ली परत ठेवली की झालं. आपण सगळे घरी जाऊ.”

जुडगा वाजायचा थांबला.

“त्यातही नवीच आहे,” ते म्हणाले.

“असं कसं? कपाटातल्या पेनड्राइव्हवर शुक्रवारी दुपारी कोण लिहून गेलं?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं, तरी पुन्हा पाहिलं. “ताई, हे लिहू नका. पेनड्राइव्ह मशीनलाच असतो. कायम. काढला की ते टूल लाल अक्षरात ओरडायला लागतं, आणि मग ते कसं थांबवायचं ते...” ते अडखळले. “वेळखाऊ आहे ते. म्हणून राहू देतो.”

“आणि पाच मिनिटं आत काय करता?”

“सही करतो. जरा टेकतो. गुडघे दुखतात माझे.”

माझेही दुखतात, त्यामुळे तेवढं मी सोडून दिलं. म्हणजे टूलने नवी किल्ली केली आणि त्याच दमात तिची प्रतही इमानाने करून ठेवली. कुलूपराव खोटं बोलत होते, अनेक वर्षं बोलत होते, पण किल्ली त्यांनी बदललेली नव्हती.

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून टाकलंच. “मला धरता आहात, तर गुरुजींनाही विचारा. शुक्रवारी सकाळी दहा मिनिटं ते आत होते. मशीनच्या नोंदीत त्या दहा मिनिटांत एक कमांड नाही, एक अक्षर नाही. काय करत होते एवढा वेळ?”

४

गुरुजींना विचारणं म्हणजे घरातल्या थोरल्याच्या खिशात हात घालण्यासारखं होतं. हे टूल त्यांनी लिहिलंय, सोळा वर्षांपूर्वी. आम्हा सगळ्यांना काम त्यांनी शिकवलं. मी इथे आले ती टायपिस्ट म्हणून. कॉम्प्युटरचं जे काही मला येतं ते इतरांसाठी लिहिता लिहिता आलेलं, आणि माझा पहिला मजकूर न हसता वाचणारे तेच.

त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि खिडकीच्या कट्ट्याला टेकले.

“शुक्रवारी सकाळी कोठीत का गेला होतात, गुरुजी?”

“बसलो होतो. थंड असतं तिथे.”

“दहा मिनिटं?”

“थंडीलाही वेळ लागतो, ताई.” ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्या शुक्रवारी दुपारी दुसऱ्या विभागातल्या दोन इंजिनियरांना त्यांना टूल शिकवायचं होतं, हे मला माहीत होतं. टेबलावर त्यांची तळहाताएवढी वही उघडी पडली होती. त्यांनी ती अलगद पालथी घातली.

“तुम्हाला ती चिठ्ठी लागते का?”

“टूल माझं आहे.”

“ते झालंच. चिठ्ठी लागते का?”

 ते खिडकीतून खाली बघत राहिले. खाली पार्किंगमध्ये आमची माणसं नवी सर्टिफिकेटं हाताने बसवायला निघायची म्हणून गाड्या काढून उभी होती. पण न्यायला अजून काही तयारच नव्हतं.

“चिठ्ठी लावली कोणी, ठाऊक आहे?” मी विचारलं.

“लावली कोणीही असेल. मजकूर मॅन्युअलमधला आहे. पान सत्तेचाळीस.” मग, माझी दया आल्यासारखं, हळू आवाजात: “ते पान तुम्ही लिहिलंय, ताई.”

५

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “सापडला का गुन्हेगार?”

“बहुतेक मीच आहे.”

“मग जेवून घे आधी.”

मला सगळं आठवत होतं. पान सत्तेचाळीस लिहिताना मी गुरुजींना विचारलं होतं, हे तीन प्रश्न कसले. ते म्हणाले होते, “लिहा, तीनदा हो. माणसं वाचायला लागली की घाबरतात.” मला ते पटलं होतं. खरं म्हणजे सुटल्यासारखं झालं होतं, कारण मलाही घाबरायचं नव्हतं.

जेवताना नवऱ्याचा फोन दोनदा किणकिणला. चष्मा जवळ नव्हता. त्याने स्क्रीनवर अंगठा दाबला, पुन्हा दाबला, आणि फोन पालथा ठेवला.

“काय विचारत होता?”

“कुणास ठाऊक. हो म्हटलं.”

“किती वेळा विचारलं?”

“मोजतं कोण?” तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

मी तशीच बसून राहिले. मोजतं कोण. नवीने मोजलं होतं.

मंगळवारी सकाळी मी आधी कोठीची नोंदवही उघडली. सोमवारी दुपारी माझी नोंद होती. त्यानंतर एकही नाही. तीनशे बारा सर्टिफिकेटं नव्या किल्लीने करायची होती. नवीला आत जायला बंदी, म्हणजे उरले दोघे. आणि दोघांपैकी एकानेही चोवीस तासांत आत पाऊल टाकलं नव्हतं. कुलूपरावांना विचारलं, तर ते लेखी आदेशाची वाट बघत होते. गुरुजींनी डोळ्यांत औषध घातलं होतं, स्क्रीन बघायची नव्हती.

खाली गाड्या उभ्या, वर फोनवाल्या बाईचा आवाज पूर्ण गेलेला, आणि काम अडलं होतं ते माझ्या पर्समधल्या चिठ्ठीपाशी. मॅन्युअल उघडायची इथे कोणाला सवयच नाही.

मग मी शिकवणीच्या मशीनकडे गेले. त्याच्यावर हेच टूल आहे आणि सरावासाठी एक खोटी मूळ किल्ली आहे, खऱ्या किल्लीच्याच दिवशी बनवलेली. मी त्या किल्लीची प्रत बाजूला ठेवली, मशीनची तारीख गेल्या गुरुवारची केली आणि चिठ्ठीवरची कमांड टाइप केली. “पुढे जायचं का?” तीनदा आलं. मी तीनदा हो म्हटलं. सर्टिफिकेट तयार झालं, किल्ली जशीच्या तशी.

तारीख शुक्रवारची केली. तीच कमांड, तेच हो. तीन झाले आणि स्क्रीन थांबून राहिली. बटण अडकल्यासारखीच. मी चौथ्यांदा हो म्हटलं, आणि किल्लीच्या फाइलची वेळ बदलली.

६

पाच वाजता मोठ्या बाईंच्या खोलीत शिकवणीचं मशीन आणून ठेवलं, सरावाची जुनी किल्ली प्रतीवरून परत बसवून. गुरुजी, कुलूपराव, मी. नवी दाराशी उभी होती. तिला कोणी बसा म्हटलं नाही, म्हणून मी माझी खुर्ची तिला दिली.

“नाव?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“सांगते. आधी कुलूपराव एक सर्टिफिकेट करून दाखवतील. मशीनची तारीख शुक्रवारची आहे.”

कुलूपराव मशीनपुढे बसले. खिसे चाचपले. मग खालच्या आवाजात माझ्याकडे चिठ्ठी मागितली. मी दिली. त्यांनी एका बोटाने कमांड टाइप केली, हो, हो, हो, एंटर. स्क्रीन थांबली.

“अडकलं,” ते म्हणाले, आणि पुन्हा हो दाबलं.

“झालं,” मी म्हटलं. “तुम्ही आत्ता मूळ किल्ली पुसली.”

त्यांनी हात कीबोर्डवरून असा उचलला, जणू तो तापला होता.

मी समजावून सांगितलं. मूळ किल्लीची मुदत वीस वर्षं. शेवटची चार वर्षं उरली की टूल आपण होऊन विचारतं, नवी किल्ली करायची का. सोळा वर्षं शुक्रवारी भरली. त्या दिवशी एक प्रश्न वाढला, आणि तो सगळ्यांत पहिला आला. मी शिकवणीच्या मशीनवर ओळी वर नेऊन, पट्टी धरून वाचल्या होत्या. जुनी किल्ली पुसली जाईल, असं त्यात लिहिलेलं आहे. पण त्याच्याखाली एकतीस ओळी इतर गोष्टींच्या आहेत. त्या स्क्रीनवरून सरकून गेल्या की डोळ्यांसमोर उरतं ते फक्त ‘पुढे जायचं का?’ एका दवाखान्याचा कागद नवा करतानाही तोच प्रश्न, आणि तीनशे बारा दवाखाने बंद पाडतानाही तोच.

“सकाळी गुरुजींनी काही टाइप केलं नाही,” मी म्हटलं. “केलं असतं तर वेळ अकरा पंधराची असती आणि पाकिटावर नाव दुसरं असतं. दुपारी नवी बसली. तिच्या जागी आपल्यापैकी कोणीही असतं तरी हेच झालं असतं. फरक एवढाच की आपल्यापैकी कोणी मोजलं नसतं. आणि चिठ्ठीवरचा मजकूर माझा आहे.”

“हे टूल असं का विचारतं मग?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“तसं विचारू नये,” नवी म्हणाली. इतका वेळ तिने तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे सगळे तिच्याकडे वळले. तिची नजर जमिनीवर होती. “सर्टिफिकेट करायच्या कमांडने किल्लीला हातच लावू नये. किल्ली बदलायची कमांड वेगळी हवी. आणि तिथे नुसतं हो चालू नये. कुठली किल्ली पुसायची तिचं नाव टाइप करायला लावावं. आधी एका ओळीत सांगावं, एवढे दवाखाने बंद पडतील म्हणून. म्हणजे हात थांबतो माणसाचा.”

“तुम्हाला हे ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं, मॅडम. पहिल्या महिन्यात.”

 मोठ्या बाईंनी दोन्ही पाकिटं हातात घेतली. त्या दुष्ट नाहीत. त्यांनाही वर कोणाला तरी कागद द्यायचा होता, आणि दोन दिवस त्याही झोपल्या नव्हत्या.

“हे सगळं ठीक आहे, ताई,” त्या म्हणाल्या. “पण वर मला नाव लागतं. टूल व्यवस्थित आहे, सोळा वर्षं चाललंय, ज्यांना समजतं ते नीट वापरतात. चूक होते ती न समजणाऱ्याकडून. गुरुजी, तुम्ही एकदा करून दाखवा. चिठ्ठीशिवाय. मग मला लिहिता येईल की टूलमध्ये दोष नाही.”

कुलूपरावांनी उठून जागा दिली. गुरुजी बसले. चष्मा पुसला, कीबोर्ड जवळ ओढला, आणि दहाही बोटं बटणांवर ठेवली. ती बोटं आम्ही सगळ्यांनी बघितलेली होती. त्यांच्याकडे बघत बघतच आम्ही शिकलो होतो. आम्ही वाट बघत होतो. काळ्या स्क्रीनवर पांढरा ठिपका लुकलुकत होता.

मी कुलूपरावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. त्यांनाही ठाऊक होतं. मला वाटतं, मलाही बरीच वर्षं ठाऊक होतं.

“गुरुजी, राहू दे,” मी म्हटलं. “डोळ्यांत औषध आहे तुमच्या.”

“औषध नाही घातलं मी, ताई,” ते म्हणाले. त्यांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली आणि खुर्ची फिरवली, मोठ्या बाईंकडे नाही, नवीकडे.

“तू विचारलंस तेव्हा सगळ्यांत आधी मी हसलो होतो, बाळा. कारण मला उत्तर येत नव्हतं. शुक्रवारीही मी वहीत चिठ्ठी उतरवून घ्यायलाच आत गेलो होतो, आणि हे सगळं झाल्यावर ती वापरायचीही हिंमत झाली नाही.” मग मोठ्या बाईंना म्हणाले, “नाव हवंय ना, माझं घाला. आणि त्याच्याखाली लिहा की हे टूल इथे कोणालाच समजत नाही. मलाही नाही. लिहिलं मीच, पण मलाही कधी समजलं नाही.”